केसपेपरवरचा ‘स्त्री/पुरुष’ : निदान, तपासण्या आणि औषधे यांबाबतचे आपले अनुभव

माझ्या आईला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तिच्या छातीत दुखत नव्हते. दोन दिवस तिचा जबडा आणि पाठीचा वरचा भाग दुखत होता, मळमळत होते आणि जिना चढताना कधी नव्हे एवढी धाप लागत होती. पहिल्या डॉक्टरांनी पित्ताचे औषध दिले, दुसऱ्यांनी मानेचा एक्स-रे काढायला लावला. ईसीजीचे नाव कोणी काढले नाही आणि आम्हा घरच्यांनाही ते सुचले नाही. हीच तक्रार वडिलांनी केली असती तर आम्ही त्यांना त्याच रात्री रुग्णालयात नेले असते, ही बोचणी आई बरी झाल्यावरही गेलेली नाही.

स्त्रियांमध्येही छातीतील वेदना हेच झटक्याचे सर्वाधिक आढळणारे लक्षण असते. मात्र ती वेदना नसताना झटका येण्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आहे. स्त्रीचा हृदयविकार पुरुषाच्या हृदयविकारासारखा दिसला तरच तिला त्याच्यासारखे उपचार मिळतात, अशा आशयाची टीका अमेरिकी हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडीन हीली यांनी १९९१ मध्येच केली होती.

आपण स्त्री किंवा पुरुष असल्यामुळे निदानात वा औषधाच्या मात्रेत फरक पडला, अथवा पडायला हवा होता पण पडला नाही, असे अनुभव कृपया लिहावेत. गर्भारपणाविषयी पुष्कळ लिहिले जाते, म्हणून तो विषय येथे नको. केसपेपरवर असते तसे लिंग आणि वय आरंभी द्यावे.

स्त्री, ४६ : मला आणि माझ्या नवऱ्याला निद्रानाशासाठी झोल्पिडेमची १० मिलिग्रॅमची गोळी एकाच डॉक्टरांनी दिली होती. तो सकाळी ताजातवाना उठत असे. मी मात्र उठून, अंघोळ करून, गाडी चालवत निघाल्यावरही अर्धवट झोपेत असे. एकदा लाल सिग्नल ओलांडून गेल्याचे मला मागच्या गाड्यांच्या भोंग्यांमुळे कळले. वजन कमी असल्याने असे होत असेल, असे मी समजत होते. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितले, की स्त्रियांच्या शरीरातून या औषधाचा निचरा अधिक सावकाश होतो आणि म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची सुरुवातीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली.

स्त्री, ५८ : मी औषधशास्त्र शिकवत असे, म्हणून वरील अनुभवाला जोड देते. झोल्पिडेमला अमेरिकेत १९९२ मध्ये मान्यता मिळाली होती. म्हणजे मात्रा निम्मी व्हायला वीस वर्षे लागली. गर्भवतींना मळमळीवर दिल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे बालकांमध्ये व्यंगे निर्माण झाल्यानंतरच्या भीतीतून तेथे १९७७ मध्ये गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याची मार्गदर्शक सूचना आली आणि ती १९९३ मध्ये बदलली गेली. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला, की अनेक औषधांची स्त्रियांना योग्य असलेली मात्रा प्रत्यक्ष वापरातूनच शोधावी लागली. मात्र हे वाचून कोणी आपली गोळी परस्पर अर्धी करू नये. सर्वच औषधांत असा फरक नसतो.

पुरुष, ५३ : नुकसान केवळ स्त्रियांचेच होते असे नाही, म्हणून लिहीत आहे. मला थकवा येत असे आणि हिमोग्लोबिन ९.८ भरले. माझ्या पत्नीला अनेक वर्षांपूर्वी लोहाच्या गोळ्यांनी बरे वाटले होते. मलाही त्याच मिळाल्या. तीन महिन्यांत आकडा ११ पर्यंत चढल्याने सर्वांचे समाधान झाले, पण गोळ्या थांबवताच तो पुन्हा खाली आला. पुढे एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारले, “तुम्हाला पाळी येत नाही, जखम झालेली नाही, मग रक्त जाते कुठे?” हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात गाठ सापडली. तेथील रक्तस्राव इतका संथ असतो, की शौचाच्या रंगावरूनही तो सहसा लक्षात येत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मी बरा होत नव्हतो. माझे लक्षण तेवढे झाकले जात होते. शस्त्रक्रिया होऊन आता चार वर्षे झाली. पाळी थांबलेल्या स्त्रियांनाही हाच प्रश्न लागू आहे, असे बाईंनी बजावले होते.

पुरुष, ६१ : मॅमोग्राफीसाठी बसलो असताना परिचारिकेने माझे नाव पुकारले आणि मी उठल्यावर “पेशंट कुठे आहेत?” असे विचारले. अर्जात शेवटच्या पाळीची तारीख मागितली होती. मी तेथे रेघ ओढली. स्तनाच्या कर्करोगाच्या साधारण शंभर रुग्णांपैकी एक पुरुष असतो. गाठ हाताला लागूनही मी सात महिने काढले, कारण हा आजार माझा असू शकतो हे मलाच पटत नव्हते.

पुरुष, ७० : दम्यासाठी मी वर्षानुवर्षे स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होतो. त्यांनी हाडे ठिसूळ होऊ शकतात. पत्नीची पाळी थांबल्यावर तिच्या हाडांची घनता तपासली गेली; माझी तपासणी झाली ती खुबा मोडल्यानंतर. डॉक्टर दोघांचे एकच.

पुरुष, ४९ : माझ्या बाबतीत दोष डॉक्टरांचा नाही. लैंगिक संबंधांत ताठरता राहत नसल्याचे मी दोन वर्षे कोणालाही सांगितले नाही आणि कोणाकडून तरी गोळ्या मागवून घेत राहिलो. पुढे मधुमेहाच्या तपासणीत ते ओघात बोलून गेलो, तेव्हा डॉक्टरांनी लगेच हृदयाच्या तपासण्या सांगितल्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असल्याने अडथळ्याचा परिणाम तेथे आधी दिसू शकतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले.

स्त्री, ३७ : मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. हिमोग्लोबिन १२.४ असेल तर गर्भवती नसलेल्या स्त्रीसाठी ते ठीक असते, पुरुषासाठी कमी. क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडे रक्तातून गाळून टाकतात त्या टाकाऊ पदार्थाचे) उदाहरण तर याहून बोलके आहे : साठ वर्षांच्या व्यक्तीचे क्रिएटिनिन १.२ आले, तर वय व लिंग धरून हिशेब करणाऱ्या २०२१ च्या सूत्रानुसार मूत्रपिंडाची गाळणक्षमता पुरुषासाठी सुमारे ६९ आणि स्त्रीसाठी सुमारे ५२ निघते. पहिल्या आकड्याकडे फारसे कोणी पाहत नाही. दुसऱ्यासाठी तपासणी पुन्हा करावी लागते आणि काही औषधांचा फेरविचारही होतो. त्यामुळे अर्जावर ‘स्त्री/पुरुष’ची चौकट रिकामी असली, की मी फोन करून विचारते. “नाव वाचून कळत नाही का?” असे म्हणून बरेच जण रागावतात.