मागच्या चाकाजवळ तेलाची ओल : शॉकअप बदलावेत की दुरुस्त करावेत? सल्ला हवा

धागाकर्ती, अंबाजोगाई

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे पुढच्या चाकांवर चालणारी छोटी पेट्रोल गाडी आहे. लातूरला नेहमी जाणे-येणे असते आणि केज-धारूरकडच्या गावांतही गाडी न्यावी लागते. परवा गाडी धुताना मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला तेलकट ओल दिसली, तिच्यावर काळ्या मातीचा थर बसला होता. खड्ड्यातून गेल्यावर गाडीचे हेलकावे थांबवण्याचे काम शॉकअपचे, पण मागचा भाग पूर्वीपेक्षा जास्त वेळ हेलकावत राहतो, हे मागे बसणाऱ्या सासूबाईंच्याही लक्षात आले आहे. एका गॅरेजमध्ये चारही शॉकअप बदलायला सांगितले, तर दुसऱ्या गॅरेजमध्ये आहेत त्यांतच तेल भरून देतो म्हणाले. यांतले कोणाचे ऐकावे? लातुरात काम करून घ्यायचे झाल्यास गॅरेज निवडताना काय पाहावे, तेही कृपया सांगावे.

लातूरकर

ताई, सध्या दोघांचेही ऐकू नका. आधी ते तेल कशाचे आहे हे ठरवा, कारण मागच्या चाकाजवळ शॉकअपच्या तेलाखेरीज ब्रेक ऑइलही असते. मागे ड्रम ब्रेक असेल तर ड्रमच्या आतल्या व्हील सिलेंडरचे (ब्रेक दाबल्यावर तेलाच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या छोट्या नळकांड्याचे) रबर झिजून ब्रेक ऑइल बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या पत्र्याच्या, खालच्या कडेने झिरपते आणि टायरच्या आतल्या बाजूवर पसरते. वरून पाहणाऱ्याला ही ओल शॉकअपच्या ओलीसारखीच दिसते.

दोन्हींतला फरक घरीच कळतो. ओलीचा एक थेंब स्वच्छ काडीवर घेऊन पेलाभर पाण्यात सोडा. आपल्याकडच्या गाड्यांत सहसा असते ते डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. शॉकअपचे तेल मात्र पाण्यावर तवंग होऊन तरंगते. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळीही पाहा. थेंब पाण्यात मिसळला किंवा पातळी उतरलेली दिसली, तर गाडी चालवत लातूरला आणू नका. मेकॅनिकलाच घरी बोलवा. शॉकअप गळाला तर प्रवास त्रासाचा होतो, पण ब्रेक ऑइल गळत असेल तर गाडी वेळेवर थांबेल याची खात्री उरत नाही. ब्रेक ऑइल रंगही खाते, तेव्हा पत्र्याला लागले असल्यास लगेच पाण्याने धुवावे.

थेंब तरंगला तर शॉकअप नीट धुऊन कोरडा करा, दोन-तीन दिवस नेहमीसारखी गाडी चालवा आणि मग पाहा. पिस्टन रॉडभोवतीच्या (शॉकअपमध्ये आत-बाहेर सरकणाऱ्या दांडीभोवतीच्या) तेल अडवणाऱ्या सीलला स्वतःलाही थोडे वंगण लागते, त्यामुळे शॉकअपच्या वरच्या भागावर तेलाचा पुसट थर आणि त्यावर धूळ असणे हा दोष नव्हे. तेल ओघळून खालच्या बुशपर्यंत (शॉकअप बोल्टने जोडतात तिथल्या रबरापर्यंत) आले असेल, तरच सील गेले असे समजावे. पाहताना नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

मांजराकाठ

वरील उत्तराशी सहमत आहे. तेल भरून देण्याविषयी मात्र स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. गाड्यांचे बहुतेक शॉकअप कायमचे बंद केलेले असतात आणि बऱ्याच शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजनही असतो. छिद्र पाडून, हाताला येईल ते तेल भरून वेल्डिंग केले की तो दाब परत येत नाही, आणि तेलाचा दाटपणा आतल्या व्हॉल्व्हला जुळेलच असे नाही. शिवाय ज्या रॉडवर चरे पडल्यामुळे सील फाटले, तो रॉड तसाच राहतो. आपल्या भागात हे चरे फार लवकर पडतात. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचे रस्ते वर्षभर उंचसखल राहतात. त्यात धूळ अडवणारे रबरी आवरण फाटलेले असले, तर रॉडवर वाळलेला चिखल प्रत्येक हेलकाव्याला सील घासतो. म्हणून शॉकअप बदलताना ते आवरण आणि बंप स्टॉपही (शॉकअप पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा) नवीन घालून घ्यावेत.

बदलायचे तर एकाच आसाचे, म्हणजे मागचे किंवा पुढचे, दोन्ही बदलावेत, कारण एक नवा आणि एक जुना असला की वळणावर व ब्रेक मारताना गाडीच्या दोन बाजू वेगळ्या वागतात. चारही बदलण्याचे कारण मात्र सांगणाऱ्याने दाखवून द्यावे.

गॅरेज निवडताना एक प्रश्न जरूर विचारा : वरचा नट आवळताना रॉड फिरू नये म्हणून तो कशाने धरणार? पकडीने रॉडचा चकचकीत भाग धरला, तर नव्या शॉकअपवर पहिल्याच दिवशी चरा पडतो आणि काही महिन्यांत सील गळू लागते. रॉडच्या टोकाला धरण्यासाठी खाच किंवा चपटा भाग असतो, तिथेच पाना लावायचा असतो. खालच्या बुशचा बोल्ट शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी असावी. चाक लोंबकळत असताना आवळल्यास बुश कायम पिळलेला राहतो.

धागाकर्ती, अंबाजोगाई

मनापासून आभार. थेंब पाण्यावर तरंगला आणि ब्रेक ऑइलची पातळी पूर्ण आहे. धुऊन पुन्हा पाहिले तेव्हा डाव्या शॉकअपवरून तेल खालपर्यंत ओघळलेले होते. उजवा कोरडा आहे. पुढच्या दोन्हींवर फक्त पुसट थर दिसतो. तरीही पुढचे याच वेळी बदलून घेणे शहाणपणाचे ठरेल का?

लातूरकर

नाही. मागची जोडी बदला आणि पुढचे राहू द्या. पुढच्या चाकांच्या शॉकअपचे काम वेगळे आहे. तिथे स्प्रिंग शॉकअपवरच बसवलेली असते, ती दाबून धरण्याचे साधन नसलेल्या गॅरेजमध्ये वरचा नट उघडू देणे जिवावर बेतू शकते, आणि नंतर चाकांचे अलाइनमेंटही (चाकांचे कोन जुळवणे) करावे लागते. पावसाळा संपल्यावर पुढचे एकदा धुऊन पाहा, आणि टायरच्या नक्षीत हाताला उंचवटे-खळगे लागतात का तेही तपासा. नव्या शॉकअपचे पक्के बिल घ्या आणि काढलेले जुने दोन्ही शॉकअप गाडीत ठेवायला सांगा.