पाककृती : भरवशाची कुठली, फसवी कुठली?

गेल्या दिवाळीला एका चकलीच्या कृतीपायी दीड किलो भाजणी हातची गेली. कृतीत लिहिलं होतं, 'अर्धी वाटी कडकडीत मोहन घाला.' किती पिठाला ते कुठेच नाही. मी आपली दोन वाट्या पिठाला घालून बसले. सोऱ्यातून पडल्या सुरेख, काटा बघत राहावा असा. तेलात गेल्या आणि बुडबुड्यांतच विरून गेल्या. झाऱ्यावर आला तो चुरा. उरलेल्या भाजणीची थालीपिठं आम्ही तुळशीच्या लग्नापर्यंत खात होतो.

तेव्हापासून हा धागा काढायचं मनात होतं. इथे कृती नकोत, त्यांचा साठा सगळ्यांकडेच आहे. एखाद्या कृतीवर, वहीवर, पुस्तकावर तुमचा भरवसा कसा बसला किंवा कसा उडाला, ते लिहा. फसलेलं आधी.

मूळची सांगली, आता पुणे

माझ्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे. पुस्तक पहिल्यांदा आलं 1970 साली, माझी प्रत लग्नातली. शिवण सुटली, दोनदा बांधून घेतलं. त्यातलं वाटी-चमच्याचं माप मला आजही ग्रॅमपेक्षा सोपं वाटतं. वाटी कुठलीही घ्या, शेवटपर्यंत तीच ठेवा, रव्याला एक आणि साखरेला दुसरी नको. प्रमाण चुकत नाही.

माझी फसगत झाली ती हल्लीच्या कृतींत. एकाच कृतीत 'दोन वाट्या रवा, 200 ग्रॅम खवा, अर्धा डबा कंडेन्स्ड मिल्क'. आता वाटी कोणती? लेकीने वजनकाट्यावर आमच्या घरातल्या वाट्या पाणी भरून मोजल्या. कोशिंबिरीची 110 मिली, आमटीची 150, आणि मी आयुष्यभर 'वाटी' म्हणत आले ती 185. खव्याचे ग्रॅम जागच्या जागी आणि रवा मात्र वाटीगणिक कमीजास्त! लाडू कधी फसकायचे, कधी दगड व्हायचे, ते का हे तेव्हा कळलं. आता त्या 185वालीच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका आहे.

नागपूर

मी माहेरची पुण्याची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात सासूबाई गावाला गेल्या आणि दिरांनी वडीची फर्माईश केली. सासूबाईंची वही काढली. अक्षर मोत्यासारखं. लिहिलं होतं : 'सांबार दोन जुड्या, निवडून, धुऊन, कोरडा करून.'

सांबाराच्या जुड्या? मी पंधरा मिनिटं वही उलटसुलट करत होते. शेवटी डाळ शिजायला टाकली, म्हटलं सांबार कोरडा करायचा म्हणजे आटवायचा असेल! दीर स्वयंपाकघरात डोकावले, कुकर बघितला आणि हसत खालीच बसले. विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. वहीत काही चूक नव्हती हो, ती माझ्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

मेलबर्न

माझं थोडक्यात. लिंबाच्या लोणच्याच्या कृतीत मीठ 6 टेबलस्पून. इथल्या दुकानातला चमचा वापरला, लोणचं खारट ढोण. इतर बहुतेक ठिकाणी टेबलस्पून 15 मिलीचा, ऑस्ट्रेलियात 20चा. म्हणजे 90च्या जागी 120 मिली मीठ गेलं. मग लिंबं वाढवली, लिंबं वाढली म्हणून साखर वाढवली, आणि दोघांच्या घरात वर्षभर पुरेल एवढं लोणचं झालं.

कोल्हापूर

बायकांच्या घोळक्यात मी एकटाच पुरुष दिसतोय, चालवून घ्या. नोकरीसाठी बाहेर निघालो तेव्हा ठरवलं, आईचा मटणाचा रस्सा ग्रॅममध्ये लिहून न्यायचा. ती हात डब्यात घालणार, मी खाली काट्यावर ताटली धरणार. पहिल्या दिवशी चटणी भरली 42 ग्रॅम. (आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. ताटात डावीकडे वाढतात ती नव्हे.) पुढच्या रविवारी तेवढ्याच मटणाला 30. मी म्हटलं, आई, एक काहीतरी ठरव.

"आरं, ही यंदाची हाय. गेल्या वारी जुनी संपवली. नवी चटणी झणझणीत आसती, म्हाईत न्हाई व्हय तुला?"

मग म्हणाली, मिरचीच दरवर्षी वेगळी. संकेश्वरी जास्त पडली की हात आखडता घ्यायचा, ब्याडगी जास्त असली की सैल सोडायचा. माझ्या वहीत आता त्या ओळीपुढे आकडाच नाही. लिहिलंय, 'तर्रीचा रंग बघून थांब.' रंग कसा ते लिहिता आलं नाही, फोटो काढून चिकटवलाय.

ठाणे

आजेसासूबाईंच्या ट्रंकेत एक पाकशास्त्राचं पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली आठ पानंही नाहीत. त्यातला एक हलवा करायचा मोह झाला : 'साखर एक शेर, तूप अर्धा शेर, केशर चार मासे.' (मासा म्हणजे जुनं छोटं वजन.) नेटवर बघितलं, शेर म्हणजे 80 तोळे, 933 ग्रॅम. केला. तुपात पोहायला निघालेला हलवा झाला, कारण बाकीचं साहित्य वाट्यांत होतं.

नंतर सासऱ्यांनी समजावलं. वजनाचा शेर वेगळा, धान्य मापायचा वेगळा : दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. त्यात वजनाचा शेरही गावोगाव निराळा. शेर म्हणजे मणाचा चाळिसावा भाग. मुंबईचा जुना मण 28 रत्तलांचा (रत्तल म्हणजे पौंड), बंगालचा 82 रत्तलांच्या वर. हिशेब केला तर मुंबईचा शेर जेमतेम 318 ग्रॅमचा. मी घातला तो तिप्पट. दशमान वजनं आली 1958 पासून, त्यामुळे त्याआधीचं पुस्तक उघडलं की मी आधी ते कुठे छापलंय ते शोधते. माझ्या प्रतीत नेमकं तेच पान गळलंय.

डोंबिवली

मी व्हिडिओवाली. पुस्तकं वाचत नाही, खरं सांगते. उकडीच्या मोदकांचा एक व्हिडिओ चार वेळा बघून केले, चारही वेळा कळ्या फाटल्या. पाचव्यांदा बघताना लक्षात आलं : उकड मळताना बाईंच्या हातात हिरव्या बांगड्या, मोदक वळताना लाल. म्हणजे दाखवलेली उकड एक आणि वळलेली दुसरीच! पहिलीचं काय झालं ते त्यांनाच ठाऊक.

तेव्हापासून मी आधी खालच्या प्रतिक्रिया वाचते. 'खूप छान ताई'वाल्या सोडून द्यायच्या. 'माझी उकड चिकट झाली' असं कुणीतरी लिहिलेलं असतं, त्याला उत्तर आलंय का आणि काय आलंय, ते बघायचं. 'पिठी जुनी असेल, पाणी थोडं कमीजास्त करून बघा' असं नीट सांगणाऱ्या बाईच्या हातचे मोदक मी डोळे मिटून करते.

मडगाव

आमच्याकडच्या एका घरगुती संग्रहात बांगड्याच्या कालवणाला 'तिरफळं दहा-बारा, ठेचून' एवढंच. (तिरफळ म्हणजे माशांच्या कालवणात घालतात तो मसाला.) पुण्याच्या माझ्या मैत्रिणीने बियांसकट ठेचली. कडू झालं आणि दोष गेला गोव्याच्या माशांवर. आतली काळी बी काढून टाकायची हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक, म्हणून लिहिणारीला सुचलंच नाही. नारळाचंही तेच. 'एक नारळ' म्हणजे केवढा? मी खवलेलं खोबरं वाटीने मोजून लिहिते हल्ली.

डेन्व्हर

मला कोणी सोडवा. पाकासाठी थर्मामीटर घेतला, कारण मला तार बघता येत नाही, बोटच भाजतं. कृतीत एकतारी पाक 105 अंशांवर. मी 105ला उतरवला, तर लाडू खडीसाखरेसारखे. नवऱ्याने उलगडा केला : आम्ही राहतो 1600 मीटर उंचीवर, इथे पाणीच उकळतं 95ला. पाकही तेवढाच खाली आणायचा, म्हणजे 100च्या आसपास. महाबळेश्वरला कुणी थर्मामीटर घेऊन लाडू करत असेल तर लक्षात ठेवा, तिथेही चारेक अंशांचा फरक पडेल.

आता धाडस अनारशांचं करतेय. तांदूळ तीन दिवस भिजवले, रोज पाणी बदललं, फडक्यावर पसरून ओलसर असतानाच दळले, गुळात कालवून डब्यात ठेवलेत. 'पीठ तयार झालं की तळा' असं लिहिलंय. तयार झालं हे कसं ओळखायचं, ते नाही.

(धागा काढणारी)

डेन्व्हर, एकदम घाणा घालू नका. तुपात आधी एकच सोडा, गॅस मंद, खसखशीची बाजू वर, आणि उलटायचा नाही. हसला, म्हणजे तुपात विरून पसरला, तर पिठात थोडी कोरडी तांदळाची पिठी मिसळून पुन्हा एक सोडून बघा. घट्ट होऊन जाळी पडत नसेल तर दुधाचा हात लावा. काय झालं ते इथेच कळवा.

डेन्व्हर

पहिला हसला. दुसरा हसला. पिठी घातली, तिसरा नुसता स्मित करून थांबला. चौथा आत्ता तुपात आहे.