विलीनीकरण, अधिग्रहण आणि ‘विश्वासात घेणे’

अनुवादक : दोन देशांतल्या कंपन्या एकत्र येतात तेव्हा कर्मचाऱ्यांच्या पत्रकात ‘मर्जर’साठी सरसकट ‘विलीनीकरण’ लिहितात. नदी समुद्रात विलीन झाली की नदी उरत नाही. मग ‘समानांचं विलीनीकरण’ कसं चालेल?

ताळेबंद (हिशेबनीस) : हिशेबालाही ते चालत नाही. २००४ च्या ‘आयएफआरएस ३’ या आंतरराष्ट्रीय हिशेब-मानकानुसार अशा प्रत्येक व्यवहारात ताबा घेणारा कोण हे ठरवावंच लागतं. दोन्ही कंपन्यांची पुस्तकं नुसती जोडून टाकायची जुनी पद्धत त्याने बंद केली. (एकाच मालकाच्या कंपन्यांची आपसातली फेररचना या मानकाबाहेर आहे.) म्हणजे पत्रकात ‘समान’ आणि वहीत ‘अधिग्रहण’. डेमलर-बेन्झ आणि क्रायस्लर १९९८ मध्ये समान म्हणून एकत्र आल्या, कामकाजाची भाषाही इंग्रजी ठेवली. २००० मध्ये एकत्रित कंपनीचे अध्यक्ष श्रेम्प मुलाखतीत बोलून गेले की क्रायस्लरला एक विभाग म्हणून ठेवायचं हे आपल्या मनात आधीपासून होतं. मोठे भागधारक कोर्टात गेले. २००७ मध्ये क्रायस्लरचा बहुतांश हिस्सा विकला गेला. अपयशाची कारणं इतरही होती, पण शब्द खोटा ठरला की पुढचं प्रत्येक पत्रक लोक संशयाने वाचतात. माझं मत : नवी तिसरी कंपनी होत असेल तर ‘एकत्रीकरण’, एक दुसरीत मुरत असेल तर ‘विलीनीकरण’, दुसरीचे शेअर विकत घेतले असतील तर सरळ ‘अधिग्रहण’.

अनुवादक : ‘ट्रस्ट’साठी विश्वास की भरवसा?

शब्दार्थी : सोबतची क्रियापदं बघा. खात्री करून घेतात, हमी देतात, विश्वास बसतो. पहिली दोन ठरवून करता येतात, तिसरं आपलं आपण घडतं. खरेदीआधीची कागदपत्रांची छाननी म्हणजे खात्री. करारातली विक्रेत्याची वचनं म्हणजे हमी. किमतीचा काही भाग त्रयस्थाकडे अडकवून ठेवणं म्हणजे हमीला तारण. यातल्या कशालाच ‘विश्वास’ म्हणू नये. काम जमेल का, याबद्दल ‘भरवसा’; हेतू सरळ आहे का, याबद्दल ‘विश्वास’. नव्या मालकाच्या कुवतीवर भरवसा असतो आणि हेतूवर विश्वास नसतो, ही अवस्था तर नेहमीची.

आणि ‘विश्वासात घेणे’ फार नेमका प्रयोग आहे. निर्णयाआधी सांगितलं तर विश्वासात घेतलं, नंतर सांगितलं तर नुसतं कळवलं.

मनुष्यबळ : सीमापार व्यवहारात नेमकं तिथेच अडतं. फ्रान्समध्ये कामगार-प्रतिनिधी समितीचं मत निर्णयाआधी घ्यावं लागतं. साधारण एक महिना, तज्ज्ञ नेमला तर दोन. म्हणून खरेदीदार आधी बांधील असा प्रस्ताव देतो आणि विक्रेता मत आल्यावरच अंतिम करारावर सही करतो. बाहेरच्या खरेदीदाराला वाटतं, हे कचरताहेत. इथे ‘संमती’ लिहिलंत तर घोळ झालाच. समितीचं मत बंधनकारक नसतं, ते घेणं बंधनकारक असतं. ‘सल्लामसलत’ लिहा.

उलट, दोघे स्पर्धक असतील तर स्पर्धा नियामकाची मंजुरी येईपर्यंत दर, ग्राहकनिहाय अटी वगैरे एकमेकांना दाखवता येत नाहीत. ही गप्प बसण्याची सक्ती समोरच्याला लपवाछपवी वाटते. ‘अमुक माहिती मंजुरीपर्यंत देता येत नाही, कारण कायदा’ हे पहिल्याच पत्रकात छापावं.

अनुवादक : जपानी ‘हाय’चं भाषांतर ‘हो’?

मनुष्यबळ : बैठकीच्या इतिवृत्तात तरी नको. बरेचदा तो हुंकार असतो, ‘ऐकतोय’ एवढाच. होकार हवा तर ‘कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत’ लिहून दोन्ही भाषांत सही घ्या. वीस-तीस कळीच्या शब्दांची द्विभाषी यादी आधीच करा, आणि भाषांतर मूळ मजकूर न पाहिलेल्या माणसाकडून परत मूळ भाषेत करून घ्या, म्हणजे फरक दिसतो. करारात कोणत्या भाषेतली प्रत ग्राह्य, हेही लिहा. ‘सिनर्जी’ (एकत्र येण्यातून मिळणारा जादा फायदा) हा शब्द तर टाळाच; कर्मचारी त्याचा अर्थ ‘कपात’ असाच लावतात, आणि बहुधा चुकत नाहीत.

शब्दार्थी : जपान्यांचा ‘नेमावाशी’ही यादीत घ्या. झाड हलवण्याआधी मुळांभोवती खणून तयारी करणं, म्हणजे बैठकीआधी एकेकाशी बोलून घेणं. मराठीत ‘मशागत’ सुचतं, पण ती जमिनीची. इथे जपायची आहेत ती मुळं. ‘आधीची बोलणी’ साधं आहे, चालेल.