फ्रॅजाइल एक्सचे (बौद्धिक अपंगत्व आणणारा जनुकीय आजार) उंदीर: कोणता स्ट्रेन (उंदरांचा वंश) घेऊ? बजेट ६० हजार (ऐरोली)

ऐरोली_पीएचडी: एफएमआर१ नॉकआउट (या आजाराचं जीन बंद केलेल्या) नरांवर थ्री-चेंबर (इतर उंदरांत मिसळतात का ते बघायची चाचणी) आणि ग्रूमिंग (स्वतःला चाटणं मोजणं) करायचंय. सीनियर ताईंकडच्या बी६च्या (लॅबमधला नेहमीचा स्ट्रेन) हेट (जीनची एकच प्रत बंद असलेल्या) माद्या फुकट मिळतायत. पण एकाच स्ट्रेनवर दिसलेला फरक जीनचा की बॅकग्राउंडचा (स्ट्रेनच्या बाकीच्या जीन्सचा) हे कसं कळणार? हातात ८ महिने.

खारघरचा_काका: बी६च. आमची कॉलनी ९ वर्षं बी६वर आहे, एकदाही पस्तावलो नाही. फक्त ६जे आणि ६एन (बी६चेच दोन उपप्रकार) मिसळू नकोस, ६एनमध्ये आरडी८ म्युटेशनमुळे डोळ्याचा पडदा बिघडतो, शिवाय सायफिप२ हे जीन वेगळं, आणि त्याचं प्रोटीन एफएमआरपीलाच (एफएमआर१च्या प्रोटीनला) चिकटतं.

ठाणे_वेस्ट: नॉकआउट कशाला, बीटीबीआर स्ट्रेन घे. जात्याच एकलकोंडे, स्वतःला चाटत बसतात. दोन लाखांत सेटअप होतो.

वाशीकर: बजेट ६० आहे हो. आणि बीटीबीआरला कॉर्पस कॅलोझमच (मेंदूचे दोन भाग जोडणारा पट्टा) नसतं, मग वागणं कशामुळे ते कसं सांगणार?

घणसोली_२२: स्ट्रेन सोडा, आधी आवाज बघा. शेजारी पायलिंग सुरू झालं आणि माझ्या माद्यांनी पिल्लं खाल्ली, चार महिने गेले, अजून वाईट वाटतं.

खारघरचा_काका: तेच म्हणतोय, बी६ दणकट. एफव्हीबी स्ट्रेनचे नॉकआउट तर मोठ्या आवाजाने झटके येऊन मरतात.

वाशीकर: झटके अभ्यासायचे असतील तर एफव्हीबीच हवा ना! मी तोच वापरला. मात्र आरडी१ म्युटेशनमुळे आंधळे असतात, वॉटर मेझ (खुणा बघत पोहायची चाचणी) विसरा.

नेरुळची_मावशी: काहीही घे बाळा, पण कंट्रोल त्याच विणीतले भाऊ घे. बाहेरून आणलेला वाइल्ड टाइप (जीन शाबूत असलेला साधा उंदीर) लावून माझं एक वर्ष वाया गेलंय. आणि पिंजरे एकाच माणसाने हाताळा. १९९९ मध्ये तीन शहरांत सारखेच स्ट्रेन, सारखीच उपकरणं, तरी काही निकाल जुळले नव्हते.

ठाणे_वेस्ट: अजूनही सांगतो, बीटीबीआर.

ऐरोली_पीएचडी: सगळ्यांचे आभार, पण मी वेगळंच करतेय. बी६ हेट माद्या आणि एफव्हीबीचे साधे नर. एफएमआर१ एक्स क्रोमोसोमवर, म्हणजे नर पिल्लांना ते आईकडूनच येणार, पहिल्याच पिढीत साधारण निम्मे नॉकआउट, निम्मे साधे, बॅकग्राउंड सगळ्यांचं सारखं. दहा पिढ्या बॅकक्रॉस (दुसऱ्या स्ट्रेनशी पुन्हा पुन्हा जोडी लावणं) नको. आरडी१ची एकच प्रत, त्यामुळे दिसतंही. जोडीला ताईंचे शुद्ध बी६ भाऊ. २०११च्या एका कामात असेच वेगवेगळ्या स्ट्रेनचे नर लावले होते आणि तोच नॉकआउट बॅकग्राउंडगणिक वेगळा वागला. मावशी, भाऊ-भाऊच घेणार. नर घ्यायचे तेवढाच खर्च, कमिटीचा अर्ज सोमवारी बदलून देते.

खारघरचा_काका: बी६ला बी६च लाव गं.