रात्रीचे विमान आणि सहारजवळचा एक दिवसाचा मुक्काम

प्रश्न : राजारामपुरीकर

नमस्कार. माझे आई-बाबा मे महिन्यात बहिणीकडे जर्मनीला जाणार आहेत. विमान मुंबईच्या टर्मिनल २ वरून शनिवारी पहाटे १:५५ वाजता सुटते. गुरुवारी रात्री कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघून ते शुक्रवारी सकाळी दादरला उतरतील. बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दिवसभर नातेवाइकांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी चढउतार करण्यापेक्षा विमानतळाजवळ चांगली खोली घ्यावी, असे मनात आहे. मात्र संकेतस्थळांवर खोली दुपारी दोनपासून दुसऱ्या दिवशी बारापर्यंतची दिसते, आणि आम्हाला हवी आहे सकाळी आठ ते रात्री दहा. अशा वेळी आरक्षण कसे करावे, आणि हॉटेल निवडताना काय पाहावे?

उत्तर : पार्लेकर_जुना

आपला बेत योग्य आहे. आरक्षण शुक्रवारचेच करावे. शनिवारचे विमान म्हणून शनिवारची खोली घेणारे लोक मी पाहिले आहेत. केवळ दिवसापुरती खोली देणारी हॉटेले विमानतळाभोवती पुष्कळ आहेत, परंतु ती मुदत बहुधा संध्याकाळी सहाच्या सुमारास संपते, आणि मग नेमक्या विश्रांतीच्या वेळी म्हाताऱ्या माणसांना सामानासह स्वागतकक्षात बसावे लागते. म्हणून शुक्रवारची पूर्ण रात्र घ्यावी आणि सकाळी आठला खोली मिळण्यासाठी जे जादा पैसे पडतील ते आधी ठरवून ईमेलवर लेखी कबूल करून घ्यावे. ‘उपलब्धतेनुसार’ असे उत्तर आले, तर खोली दुपारी दोनलाच मिळेल असे समजून चालावे.

करही आरक्षणाआधी पाहावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे ७,४०० ची खोली ७,७७० रुपयांना पडते आणि ७,६०० ची ८,९६८ रुपयांना.

आता जागेविषयी. ‘विमानतळापासून एक किलोमीटर’ या जाहिरातीला फारसा अर्थ नाही. टर्मिनल १ सांताक्रूझ-पार्ले बाजूला आहे आणि टर्मिनल २ सहारला. धावपट्ट्या सामाईक असल्या तरी रस्त्याने मोठा वळसा पडतो. टर्मिनल १ ला लागून असलेले ऑर्किड किंवा सांताक्रूझचे ताज ही उत्तम हॉटेले आहेत, पण आपल्याला सहारकडे जायचे असल्याने लीला, आयटीसी मराठा, सहारचे जेडब्ल्यू मॅरियट यांच्या परिसरातले हॉटेल सोयीचे पडेल. तिथेच कमी दराचीही बरीच आहेत. टर्मिनलच्या इमारतीत ट्रान्झिट हॉटेलही आहे, मात्र ते काही तासांच्या झोपेसाठी ठीक. दिवसभर राहायला मोकळी खोलीच बरी.

आणखी एक. खिडकीतून टर्मिनल दिसते म्हणून चालत जाता येईल, असे समजू नये. प्रस्थानाचा मजला चौथा आहे आणि तिथे गाड्या उन्नत मार्गाने जातात. हॉटेलची गाडी रात्री दहाला मिळते का, ती मोफत आहे की पैसे पडतात, हे फोन करून विचारावे, कारण मोफत गाडी असली तरी तिच्या वेळा बऱ्याचदा ठरलेल्या असतात. मेट्रो ३ चे स्थानक टर्मिनल २ ला आहे, पण दोन मोठ्या बॅगा आणि दुखरे गुडघे घेऊन त्या वाटेला जाऊ नये.

उत्तर : पनवेलवासी

वरील सूचनांशी सहमत आहे. एवढेच सांगतो की, नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने सुटू लागली आहेत. तिकिटावर ‘बीओएम’ असेल तर सहार, ‘एनएमआय’ असेल तर नवी मुंबई. दोन्ही ठिकाणी ‘मुंबई’ हाच शब्द ठळक दिसतो, त्यामुळे खोली घेण्यापूर्वी ही तीन अक्षरे पाहून घ्यावीत.

उत्तर : निवांत_प्रवासी

विमानांच्या आवाजाची भीती अनेकांना वाटते, पण बंद काचांच्या चांगल्या हॉटेलात तो फारसा जाणवत नाही. माझ्या मते झोप मोडते ती अंधेरी-कुर्ला रस्त्यावरच्या हॉर्नमुळे. त्यामुळे खोली मागच्या बाजूची आणि वरच्या मजल्यावरची मागावी. बाबांसाठी न्हाणीघरात टब नसून सपाट जमिनीवर शॉवर आहे ना, कमोडशेजारी धरायला दांडी आहे ना, हे आवर्जून विचारावे. छायाचित्रांत या गोष्टी दिसत नाहीत, आणि तारे मोजून तर त्या मुळीच कळत नाहीत. चाकांच्या खुर्चीची मागणी मात्र हॉटेलकडे नव्हे, विमान कंपनीकडे आधी नोंदवावी.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिकिटावर ‘बीओएम’च आहे. आणखी एक शंका आहे : सुट्टीसाठी आलेला माझा भाचाही त्यांच्यासोबत परत जाणार असून त्याच्याकडे जर्मन पासपोर्ट आहे. त्याला खोलीत ठेवण्यास अडचण येईल का?

पार्लेकर_जुना

अडचण येणार नाही, मात्र त्याचे नाव आरक्षणातच घालावे. परदेशी पारपत्रधारक पाहुण्याची माहिती हॉटेलला ठरावीक नमुन्यात (पूर्वीचा ‘फॉर्म सी’) २४ तासांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावी लागते, म्हणून पारपत्राची आणि व्हिसा अथवा ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या) कार्डाची प्रत मागतील. मूळ कागद आईंच्या हातपिशवीत असू द्यावेत. बंद बॅगेत नकोत.