हूबर, हूव्हर आणि मधला 'ब'

उनाड: हूव्हर धरण, हूव्हर नावाचे अमेरिकी अध्यक्ष, आणि इंग्लंडात राहणारी माझी मावसबहीण घर झाडायच्या यंत्रालाही 'हूव्हर'च म्हणते. नाव कानाला पक्कं इंग्रजी वाटतं. पण मूळ आडनाव जर्मन 'हूबर' आहे असं वाचलं. मग 'ब'चा 'व' केला कोणी? बंदरावरच्या कारकुनाने? आणि हूबर म्हणजे काय, हेही कोणीतरी सांगा.

रानवाट: अर्थापासून सुरू करतो, कारण तो आपल्या मातीतल्या माणसाला चटकन कळण्यासारखा आहे.

जुन्या जर्मनमध्ये 'हुओबा' म्हणजे एका कुटुंबाचं पोट भरेल आणि धन्याचा सारा भागेल एवढी जमीन. दक्षिणेत त्याचं 'हूबे' झालं, उत्तरेत 'हूफे'. अशी जमीन कसणारा तो हूबर. सॅक्सनी-सायलेशियाकडे त्याच अर्थाने 'ह्यूब्नर' होतं.

बव्हेरियात तर याची चक्क आणेवारी होती. पूर्ण शेतवाडी असेल तो मायर, अर्धी असेल तो हूबर, पाव असेल तो लेनर. त्याखाली अष्टमांश, षोडशांश, आणि शेवटी नुसती झोपडी असलेला बत्तिसाव्या हिश्श्याचा धनी. म्हणजे बव्हेरियातला हूबर हा आठ आण्यांचा कुळवाडी. सारा आणि वेठ या हिश्श्यांवरूनच ठरायची, त्यामुळे 'तू कितव्याचा?' हे गावाला आणि सरकारला दोघांनाही ठाऊक असायचं. आडनावं कायम होऊ लागली तेव्हा ही नावं तिथेच चिकटली. आजही बव्हेरिया, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये हूबर पायलीला पन्नास मिळतात. दोन हूबर भेटले की नातं शोधू नये. दोन पाटील एकाच घरातले असतात का?

सोनचाफा: कारकुनाची गोष्ट मीही ऐकली आहे. न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलं की तिथला बाबू ऐकेल तसं नाव लिहायचा आणि तेच पुढे चालायचं, असं म्हणतात.

रानवाट: ताई, एलिस बेटावरचं केंद्र उघडलं 1892 साली. शिवाय तिथला बाबू नव्याने नाव लिहीतच नसे. जहाज निघालं त्या बंदरात तयार झालेली यादी त्याच्यापुढे असायची आणि तो ती ताडून बघायचा. अध्यक्ष हूव्हर यांचे पूर्वज आंद्रेआस हूबर तर 1738 मध्येच फिलाडेल्फियाला पोचले होते.

ते ऱ्हाइनकाठच्या फाल्त्स भागातल्या एलरश्टाट गावचे. हा मुलूख तीस वर्षांच्या युद्धात (1618–48) उजाड झाला होता. ओसाड गावं वसवायला स्वित्झर्लंडहून शेतकरी आणले गेले. ते जरा स्थिरावतात तोच 1689 मध्ये फ्रेंच फौजांनी श्पायर आणि वॉर्म्स जाळलं. पुढच्या पिढ्यांत जमिनीच्या वाटण्या होत होत तुकडे उरले. मग लोक ऱ्हाइनने रॉटरडॅमला आणि तिथून पेनसिल्व्हेनियाला जाऊ लागले. एवढे गेले, की इंग्रज कुठल्याही जर्मन निर्वासिताला सरसकट 'पॅलॅटिन' (म्हणजे फाल्त्सवाला) म्हणू लागले. नाव जमिनीच्या मापाचं आणि घर सोडायचं कारण जमीन पुरेना हे, असं कितीतरी हूबरांच्या बाबतीत झालं असणार.

उनाड: पण 'व'चं काय? मूळ प्रश्न तसाच लोंबकळतोय.

रानवाट: येतोय, दम धरा राव.

फाल्त्सच्या बोलीत दोन स्वरांमधला 'ब' ओठ न मिटता बोलतात, तो 'व'च्या जवळ जातो. प्रमाण जर्मनमधलं 'आबर' (म्हणजे 'पण') तिथे 'आव्वर' होतं, 'हाबेन' (म्हणजे 'असणे, जवळ असणे') 'हाव्वे' होतं. पेनसिल्व्हेनियातले आमिश लोक (जुन्या चालीने राहणारा एक ख्रिस्ती पंथ) आजही असंच बोलतात, कारण त्यांची बोली मुख्यतः तिथूनच गेलेली. तेव्हा घरातली माणसं स्वतःच 'हूवर' म्हणत असणार. इंग्रजी लिहिणाऱ्याने दीर्घ 'ऊ'साठी दोन ओ आणि मधे व्ही लिहिला, म्हणजे कानाला आलं तेच कागदावर उतरवलं. खरं तर जर्मन स्पेलिंगपेक्षा इंग्रजी स्पेलिंगच त्यांच्या उच्चाराला जास्त इमानी आहे. बिचाऱ्या कारकुनाला उगाच बोल लावतात.

आणि यात परकं काही नाही. कपाटचं कवाड, दीपचा दिवा, तापचा ताव: दोन स्वरांमधला ओठांचा वर्ण मऊ होऊन 'व' होणं मराठीने कधीच करून ठेवलंय.

सोनचाफा: शिंद्यांचे 'सिंदिया' झाले ते असंच का मग?

रानवाट: नाही, ते निराळं. तिथे नाव परक्याच्या तोंडून फिरून आलं, आणि घराण्याने तेच ठेवलं. इथे उच्चार घरचाच होता.

पुढचा प्रवास थोडक्यात: पेनसिल्व्हेनियातून मेरीलँड, तिथून नॉर्थ कॅरोलायना. आंद्रेआसचे अँड्र्यू झाले. घराणं क्वेकर या ख्रिस्ती पंथात गेलं. गुलामगिरी चालणाऱ्या मुलखात नको म्हणून अनेक क्वेकर उत्तरेकडे निघाले, त्यांच्यासोबत हूव्हरही 1800 नंतर ओहायोत आणि 1850च्या दशकात आयोवात आले. तिथे वेस्ट ब्रँच गावात 1874 मध्ये हर्बर्ट हूव्हर जन्मले. वडील जेसी लोहारकाम करायचे. जर्मन लोहाराला 'श्मिट' म्हणतात, पण आडनाव एकदा गोठलं की धंद्याशी त्याचा संबंध उरत नाही. आपल्याकडचे किती कुलकर्णी आता दप्तर सांभाळतात?

टाकसाळ: शब्दचर्चा आहे म्हणून भर घालतो. या आडनावाचे पुढे शब्द किती झाले बघा. पहिल्या महायुद्धात हूव्हर अमेरिकेचे अन्नखात्याचे प्रमुख होते, तेव्हा काटकसरीने खाण्याला 'हूव्हराइझ' म्हणू लागले. मग अध्यक्षपद आलं आणि 1929 ची मंदी. बेघरांच्या झोपडपट्ट्यांना 'हूव्हरव्हिल', अंगावर घ्यायच्या वर्तमानपत्राला 'हूव्हर ब्लँकेट', आणि रिकामा खिसा उलटा काढून दाखवला की तो 'हूव्हर फ्लॅग'. अन्नदाता म्हणून कमावलेलं नाव चार वर्षांत शिवीच्या पंगतीला बसलं.

आणि 1947 मध्ये उपासमारीने गांजलेल्या जर्मनीत, अमेरिकी आणि ब्रिटिश ताब्यातल्या भागांत, शाळकरी मुलांना रोज गरम जेवण सुरू झालं. यामागे पुन्हा हेच हूव्हर. त्या जेवणाला जर्मन लोक 'हूव्हरश्पायझुंग' म्हणत. 'ब'वाली मंडळी ज्या देशात आजही आहेत तिथे नाव 'व' घेऊन परतलं, आणि कोणी दुरुस्त केलं नाही.

उनाड: भारी. मग ते झाडायचं यंत्रही यांचंच?

टाकसाळ: छे, तो हूव्हर वेगळा. विल्यम हूव्हर, ओहायोतला चामड्याच्या मालाचा कारखानदार, अध्यक्षांच्या घरातला नव्हे. यंत्र त्याने शोधलंही नाही. एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स स्पँग्लरला धुळीने दम लागायचा, म्हणून त्याने पंखा, उशीचा अभ्रा वगैरे जोडून ते बनवलं. हूव्हरने 1908 मध्ये त्याचं पेटंट विकत घेतलं.

स्पँग्लर हेही जर्मनच, मूळ 'श्पेंगलर'. म्हणजे पत्र्याचं काम करणारा. इंग्लंडात मात्र कोणी घर 'स्पँग्लर' करत नाही.