पाळणाघर-अंगणवाडीतले सण : तुमच्या लेकरांचे अनुभव सांगा

गोदाकाठ, नांदेड
माझी लेक साडेतीनची, पाळणाघरात जाते. गोकुळाष्टमीला राधा झाली, दिवाळीत पणत्या रंगवल्या, नाताळात लाल टोपी घातली, सगळ्याचे फोटो ग्रुपवर आले. पण तिच्या जोडीदारणीचं घर गुरुद्वाऱ्यापाशी, शिखांच्या होला मोहल्ल्याला अख्खं नांदेड गजबजलेलं असतं आणि पाळणाघरात मात्र त्याचा एक शब्द नाही. लेकच विचारायली, आई, तिचा सण ताईला म्हाईत नाही का? मला उत्तर देता आलं नाही. तुमच्याकडं कसं करतात, काय जमलं, काय फसलं, लिहा.

काळी माती, लातूर जिल्हा
मी अंगणवाडी सेविका, 19 वर्षं झाली. आमच्याकडं मोठा सण म्हणजे येळवस, वेळ अमावस्या. त्या दिवशी गाव ओस पडतं, सगळे शेतात पूजेला अन् जेवायला, म्हणून मी अंगणवाडीत आदल्या दिवशी करते. याचं खरं कारण वेगळं आहे. ज्यांच्या घरी शेत नाही ती लेकरं दुसऱ्या दिवशी गप बसायची, बाकीचे कोप (कडब्याची झोपडी) आन् झोका सांगायलेत आणि ही नुसती ऐकायलेत, ते मला बघवंना. आता मदतनीसताई चार पेंढ्या कडबा आणतात, अंगणात बारकी कोप उभी करतो, पांडवाचे पाच दगड लेकरंच शोधून आणतात. त्यांना चुना मात्र मी लावते, लेकरांच्या हातात देत नाही, डोळ्यात गेला तर अवघड. भज्जीला, म्हंजे त्या दिवशीच्या मिसळ भाजीला, ज्याच्या घरी जे असंल ते मूठभर, तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, मेथी, चिंचेचं बुटूक सुद्धा चालतं. एरवी पालेभाजी बघून तोंड फिरवणारं लेकरू "ही माझी मेथी हाय" म्हणून दोनदा मागून खातंय. पहिल्या वर्षी मी पांडवांची गोष्ट अर्धा तास सांगत बसले, निम्मी लेकरं झोपली. गोष्ट दोन मिनिटं, बाकी टाइम हाताला काम पायजे.

चांदरात, परभणी
ईदचं लिहिते. आमची ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी सरकते आणि ऐन दिवस चांद दिसल्यावर ठरतो, म्हणून वर्षाच्या प्लॅनमध्ये ती सुटूनच जायची. मुलगा नव्या कुर्त्यात गेला तर एकानं विचारलं, तुझा बड्डे आहे का? तो हो म्हणाला. मला रात्री झोप आली नाही. पुढच्या वर्षी मीच ताईंकडं गेले, म्हणलं तारीख नका ठरवू, ईद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला बोलवा. शिरखुर्मा घरून केला, काजू-बदाम पार बारीक कुटून टाकले, खजुराच्या बिया काढल्या, एवढ्या लहान पोरांच्या घशात काही अडकायला नको. ज्यांच्या घरी चालत नसेल त्यांच्या आयांना आधी विचारलं, दोघींनी नको म्हणलं तर त्या लेकरांना केळ दिलं, कुणी कुणाला बोललं नाही. आता पोरगं सगळ्यांना सांगतंय, माझी ईद आधी आभाळात येते.

निळी पाटी, छत्रपती संभाजीनगर
14 एप्रिलला आमचं पाळणाघर बंद असतं, त्यामुळं पोरीला जयंती म्हणजे सुट्टी एवढंच कळायचं. मी ताईंना सुचवलं की 7 नोव्हेंबरला करा, 1900 साली त्याच दिवशी बाबासाहेबांचं साताऱ्याच्या शाळेत नाव घातलं होतं, विद्यार्थी दिवस असतो. चार वर्षांच्या लेकराला संविधान काय सांगणार? पण शाळेत त्यांना माठाला हात लावू देत नव्हते, शिपायानं वरून पाणी ओतलं तरच प्यायला मिळायचं, हे सांगितलं की लेकरांना लगेच कळतं. ताईंनी माठ ठेवला आणि प्रत्येकानं शेजारच्याला ग्लास भरून दिला. खूप सांडलं. घरी येऊन पोरगी विचारायली, शिपाई नसला तर ते तहानलेलेच राहायचे का? हो म्हणलं, आणि मग आम्ही दोघं बराच वेळ बोलत बसलो.

मोसंबी, जालना
एकच सांगते. पोळ्याला रंगवलेले बैल विकत आणू नका, काळी चिखलमाती द्या. नातवाच्या बैलाला पाच पाय होते, तरी तो त्याला उशाशी घेऊन झोपला.

चुंबळ, बीड जिल्हा
मी पण सेविका. आमच्याकडं दिवाळी झाली की गाड्या भरतात, निम्मी लेकरं आई-बापासंगं ऊसतोडीला जातात. संक्रांत, शिवजयंती सगळं उरलेल्या लेकरांत. फोटोत अंगणवाडी भरलेली दिसावी म्हणून मोठ्या वर्गातली पोरं आणून बसवा असं पण मला सांगितलं गेलं, मी नाही बसवली. कारखान्याचा पट्टा पडला, म्हंजे हंगाम संपला, की लेकरं येतात, कधी पाडव्याला, कधी त्याच्याही नंतर. तवा मी त्यांच्यासाठी परत तीळ भाजते. मागल्या साली एक लेकरू ऊसतोडीच्या कोपीवरनं आलं ते महिनाभर कुणाशी बोललं नव्हतं. तिळगूळ हातावर ठेवला तर मूठ झाकून धरली, उन्हाचं गूळ पाघळून बोटं चिकटली, तरी सोडंना. म्हणलं खा की रं. तर म्हणतंय, आधी बाकीच्यांला देऊ दे, समदे देतेत तसं.